पुंडलिकाचे देऊळ आणि घाटाची भिंत

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस सीना नदीला जो पूर आला, त्या दिवसांतली वर्तमानपत्रांची कात्रणे मी एका फायलीत लावून ठेवली आहेत. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांतून पाणी गावांत शिरले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. एरवी उन्हाळ्यात जिच्यातून बैलगाडी कोरडीच पार होते, ती सीना त्या आठवड्यात पल्याडचा काठ दिसेनासा करून वाहत होती. ही कात्रणे सलग वाचताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटत गेले. जिल्हा कोणताही असो, वर्तमानपत्र कोणतेही असो, पूर आला की ते छापले जाते : ‘नदीने पात्र सोडले.’

या लेखाचा विषय हे वाक्य आहे. मी अभियंता नाही आणि जलशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. वाचन म्हणाल तर ते हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानांत झाले. पण मराठी वाचणे हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग आहे, आणि पुराविषयीचे आपले मराठी लेखन, म्हणजे कविता, बातम्या, अहवाल, परिपत्रके हे सगळे, एका साहित्याच्या वाचकाने वाचून पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. कारण नदीकाठी कुठे राहायचे आणि कुठे नाही, हा निर्णय आपण आधी भाषेत घेतो आणि मग जमिनीवर.

१. पात्र

‘पात्र’ या शब्दाला मराठीत तीन अर्थ आहेत : भांडे, नाटकातले पात्र आणि नदी जिथून वाहते ती जागा. ‘नदीने पात्र सोडले’ म्हणताना आपण नदी भांड्यात ठेवतो. भांड्याबाहेर सांडलेले पाणी ही चूक ठरते, आणि चूक पाण्याची. पण नदी काही भांडे नव्हे. उन्हाळ्यात ज्या अरुंद धारेतून ती वाहते ती तिची एक जागा. पावसाळ्यात ती काठावरच्या सपाट, गाळाच्या जमिनीवर पसरते, तीही तिचीच जागा. ती जमीन मुळात तिनेच गाळ आणून घडवलेली असते. तिथे ती दरवर्षी येत नाही. दहा वर्षांनी येईल, तीस वर्षांनी येईल. घराचा मालक बरीच वर्षे परगावी राहिला, म्हणून घर त्याचे नाही असे आपण म्हणत नाही. नदीच्या बाबतीत मात्र तेच म्हणतो.

आपल्या जुन्या भाषेला हा भेद ठाऊक होता. ‘मळई’ म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. ‘गाळपेर’ म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेर. हे दोन्ही शब्द मानतात की ही जमीन काही महिने नदीची आणि काही महिने माणसाची. गावाच्या रचनेत ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी जोडी होती : पांढरीवर वस्ती, काळीत पीक. जुन्या गावांतली पांढरी पुष्कळदा उंचवट्यावर असते, हे नदीकाठच्या कोणत्याही गावात चालत गेले तरी पायांना कळते.

माझे आजोळ सीनाकाठी आहे. पूर ओसरल्यावर मी मामींना भेटायला गेलो. पांढरीवरचा जुना वाडा पडायला आला आहे, पण त्याच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते. मामेभावाने रस्त्यालगत काळीत बांधलेल्या नव्या सिमेंटच्या घरात छातीइतके पाणी चढले होते. ओल्या गाद्या अंगणात वाळत घातलेल्या. मामी म्हणाल्या, “थोरल्या सासूबाई सांगायच्या, पाणी जुन्या चिंचंपातुर येतं म्हणून. आमाला वाटायचं म्हाताऱ्या माणसाचं बोलनं. आता चिंच कुठाय? तितंच तर घर बांधलंय.”

चिंच ही खूण होती. ती तोडली गेली तेव्हा कोणत्याही कागदावर नोंद झाली नाही, कारण ती कोणत्याही कागदावर नव्हतीच.

२. बुडण्यासाठी बांधलेले देऊळ

अशा खुणा आपल्या नद्यांच्या काठी अनेक आहेत. नाशिकला गोदावरीच्या पुराचे माप दुतोंड्या मारुती सांगतो. पाणी कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर त्या दिवसाचा पूर ओळखतात. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी देवळाच्या उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा तो ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि माणसे स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती वर हलवली जाते. म्हणजे पूर तिथे पंचांगात नसलेला सण आहे, आणि सणाबरोबर मागे सरकण्याची शिस्तही आहे.

आमच्या जिल्ह्यातले उदाहरण पंढरपूरचे. भीमा तिथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून ती चंद्रभागा. पुंडलिकाचे देऊळ काठावर नाही, वाळवंटात आहे. दर मोठ्या पुराला ते पाण्यात जाते आणि ओसरल्यावर गाळ धुऊन पुन्हा पूजा सुरू होते. त्या देवळाला पुरापासून वाचवण्यासाठी भोवती तट घालावा असे शतकानुशतके कुणाला वाटले नाही. भक्कम दगडी बांधणीने पाण्याला वाट द्यायची, स्वतः खाली जायचे आणि परत वर यायचे, हेच त्याचे पूरसंरक्षण.

वाळवंटाचेही तसेच. वारकऱ्यांची कीर्तने, फड, राहुट्या तिथे होत आल्या, पण वारीपुरत्या. नदीची जागा वापरायची, तिच्यावर कायमचे काही उभारायचे नाही, हा व्यवहार लाखो माणसे न शिकवता पाळत होती. आजच्या शास्त्रात ज्याला पूरप्रवण क्षेत्राचे व्यवस्थापन म्हणतात, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही.

अर्थात हे सगळे उगाळून ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा गळा काढणे मला मान्य नाही. पांढरीवर कोणाला जागा मिळाली आणि कोणाची वस्ती सखल बाजूला ढकलली गेली, हा प्रश्न त्या गावगाड्याला विचारावाच लागेल. पाण्याच्या तोंडाशी राहणारे लोक तेव्हाही ठरलेलेच होते. पंढरपुरात आज व्यासनारायण झोपडपट्टी आणि अंबाबाई पटांगणाचा परिसर भीमा फुगली की आधी रिकामा करावा लागतो. जुन्या अन्यायाची ही नवी आवृत्ती आहे.

३. ‘कणा’ कसा वाचावा

पूर म्हटला की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवते ती कुसुमाग्रजांची ‘कणा’. नाशिकच्या कवीने पुराला घरात आलेल्या पाहुणीचे रूप दिले. ही कल्पना नृसिंहवाडीच्या सोहळ्याच्या कुळातलीच आहे : नदी शत्रू नव्हे, येऊन जाणारी आपली. कवितेतल्या विद्यार्थ्याचा संसार वाहून गेला आहे, तरी तो पैशांसाठी आलेला नाही. त्याला शिक्षकाचा धीर हवा आहे.

ही कविता मी शेकडो वेळा ऐकली. निरोप समारंभात, पूरग्रस्तांच्या मदतफेरीत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात. प्रत्येक ठिकाणी तिचे तात्पर्य एकच निघाले : संकटात ताठ उभे राहा. कवितेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या वाचनाविषयी. तो माणूस घर पुन्हा उभारतो आहे, याने आपले डोळे भरून येतात. पण ते कुठे उभारतो आहे? त्याच जागी? मग पुढच्या पुरात काय? कविता हे विचारत नाही. तिने विचारायलाच हवे असेही नाही. पण तिची आपण जी सार्वजनिक म्हण करून टाकली, तिने हा प्रश्न विचारणे जवळजवळ अशिष्ट ठरवले. लढणाऱ्या माणसाला ‘तू इथे का राहतोस’ असे विचारणे क्रूरपणाचे वाटते. आणि खरोखर, त्याला विचारणे क्रूरच आहे. हा प्रश्न ज्यांनी त्या जागेची परवानगी दिली, ज्यांनी तिथे रस्ता, वीज आणि नळ नेला, आणि ज्यांनी दुसरी परवडणारी जागा ठेवली नाही, त्यांना विचारायचा आहे.

पुण्याने हे दोन्ही अनुभव घेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. त्यानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीपासून दूर घर देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पण शहराच्या आठवणीत राहिले ते धरण फुटणे. नदीकाठ जसजसा मोलाचा होत गेला तसतसा तो पुन्हा भरत गेला. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कोणतेही धरण फुटलेले नव्हते.

आपल्या पूर-साहित्याचे मला दोनच प्रकार दिसतात. एक वीररसाचा : बोटी, जवान, तरुण मंडळे, ताठ कणा. दुसरा हिशेबाचा : किती टीएमसी, किती क्युसेक, किती पंचनामे. तिसरा प्रकार, म्हणजे जागेचे साहित्य, आपल्याकडे फार थोडे आहे.

४. दुष्काळाच्या भाषेतला पूर

सोलापूरकराला पुराविषयी लिहिताना आणखी एक अडचण असते. आमची पाण्याची सारी भाषा दुष्काळाची आहे. १८७६-७८ आणि १९७२ ही सालेच आमच्याकडे कालगणनेची साधने होती. आमच्या शहराला आजही काही दिवसांआड नळाला पाणी येते. उजनीत उपयुक्त साठा शून्याखाली गेला की आम्ही ‘उजनी उणे’ म्हणतो, आणि तो आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा रोज विचारला जातो. २०२३च्या कमी पावसानंतर २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती भरली आणि त्याच महिन्यात पंढरपूरच्या सखल वस्तीला हलवावे लागले. तहान आणि पूर यांच्यात आमच्याकडे दोन-अडीच महिन्यांचे अंतर असते.

या भाषेत ‘धरण भरले’ ही निखळ आनंदवार्ता आहे. आणि आमच्या उजनीची एक खास गोष्ट म्हणजे ती शंभर टक्क्यांवर थांबत नाही. एकूण ११७ टीएमसीला शंभर टक्के होतात. त्यातला उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. त्यानंतरही पाणी धरून एकशे अकरा टक्क्यांपर्यंत, म्हणजे एकूण सुमारे १२३ टीएमसीपर्यंत नेता येते. आमच्या वर्तमानपत्रांत ‘उजनी एकशे अकरा’ हा मथळा पेढे वाटण्याच्या सुरात येतो.

मी साधा हिशेबनीस. म्हणून एक गणित मांडतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. एक लाख क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले तर ८.६४ टीएमसी होते. म्हणजे शंभर ते एकशे अकरा या टक्क्यांतले सहा टीएमसी हे एक लाख क्युसेकच्या पुराचे सोळा-सतरा तास आहेत. ही जागा रिकामी असेल तर वरून येणारा लोंढा तेवढा वेळ अडवता येतो, किंवा त्याचे शिखर कापता येते. पंढरपूरला तेवढा वेळ सावध व्हायला मिळतो. ती आधीच भरलेली असेल तर धरण फक्त पूर पुढे पाठवू शकते. येणारे पाणी आणि सोडलेले पाणी मग जवळपास सारखेच.

उजनीने पूर ‘आणला’ असे म्हणणारी एक भाषा पंढरपुरात आहे. ती मला पटत नाही. धरण नसते तर भीमेचे पूर आलेच असते, आणि काही वर्षी धरणाने पूर कमीही केला आहे. शिवाय पंढरपूरला येणारे पाणी एकट्या उजनीचे नसते. नीरा नदी वीर धरणाचे पाणी घेऊन नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. दोन्हींकडून एकाच वेळी विसर्ग वाढला तर शिखरावर शिखर चढते. आणि उजनीत येणारे पाणी म्हणजे पुण्याच्या वरच्या धरणांनी सोडलेले पाणी. आम्ही पावसाळ्यात ‘दौंडचा विसर्ग किती’ असे विचारतो ते त्यामुळेच. पुण्याचा निर्णय दौंडमार्गे उजनीला आणि उजनीचा पंढरपूरला पोचतो.

‘विसर्ग’ हाही मोठा गमतीचा शब्द. व्याकरणात तो अक्षराच्या शेवटी येणारे दोन टिंब, म्हणजे सुटलेला श्वास. धरणाच्या बातमीत तो सुटलेले पाणी. दोन्हीकडे तो आपोआप घडल्यासारखा वाटतो. ‘विसर्ग वाढला’ असे आपण लिहितो. ‘विसर्ग वाढवला’ असे क्वचित. कर्ता गाळला की निर्णयही गळतो. धरण किती तारखेला किती भरायचे आणि किती रिकामे ठेवायचे, हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. दुष्काळाची धास्ती आणि पुराची धास्ती यांच्यातली ती तडजोड असते, आणि ती अवघड आहे. ऑगस्टमध्ये पाणी सोडून दिले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर त्या अधिकाऱ्याला आम्हीच, सोलापूरकरच, फाडून खाऊ. ऑगस्ट २००६मध्ये सुरत तापीच्या पाण्यात बुडाली, तेव्हाही उकाईच्या साठ्याविषयी हाच वाद झाला होता. तडजोड करावीच लागेल. माझे म्हणणे इतकेच की ती लोकांसमोर व्हावी. तारखेनुसार किती साठा ठेवायचा याचा तक्ता धरणाच्या दारावर आणि पंढरपूरच्या चौकात मराठीत लावलेला असावा, आणि ‘एकशे अकरा’च्या मथळ्याखाली त्या दिवशी तो आकडा तक्त्यात बसतो की नाही हेही छापले जावे.

५. निळी आणि लाल

आता कागदाकडे वळू. महाराष्ट्रात पूररेषा दोन. पाटबंधारे विभागाच्या १९८९च्या परिपत्रकाने त्यांची चौकट घालून दिली. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र. त्याआधी १९७५मध्ये केंद्राने पूरप्रवण क्षेत्राच्या नियमनाचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. आपल्याकडे परिपत्रके आणि बांधकाम नियमावली यांवर काम चालते.

या परिभाषेची पहिली अडचण ‘वर्षांतून एकदा’ या शब्दांत आहे. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निवांत, असा अर्थ माणूस घेतो. गणिताचा अर्थ वेगळा आहे : दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस, आणि निळ्या रेषेचा पूर येण्याची शक्यता शंभरात सत्तर. हे आकडे खरेदीखतावर छापले तर किती व्यवहार होतील? सांगलीच्या लोकांनी हे अनुभवले आहे. इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा ‘असा पूर पुन्हा नाही’ अशी समजूत झाली. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूरला पुन्हा महापूर आला.

दुसरी अडचण अशी की निळी-लाल रेषा ज्याच्यासाठी आहे त्याला ती दिसत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाची पूररेषा पाहायला मिळावी म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एका कार्यालयाने तो दुसरीकडे पाठवला, दुसऱ्याने तिसरीकडे. चौथ्या महिन्यात ‘नकाशा कार्यालयीन वेळेत अवलोकनार्थ उपलब्ध’ असे उत्तर आले. गेलो. नकाशा होता. त्यावर रेषा होत्या, पण गट क्रमांक इतके पुसट की कोणाचे घर आत आणि कोणाचे बाहेर हे सांगता येईना. तिथल्या लिपिकाने चहा पाजला आणि मनापासून विचारले, “हे तुम्हाला कशाला हवंय साहेब? प्लॉट घेताय का?” प्लॉट घेतल्याशिवाय नदीत कोणाला रस असू शकतो, हे त्याला सुचत नव्हते. यात त्याचा दोष नाही.

तिसरी अडचण गंभीर आहे. मधल्या पट्ट्यात बांधकामाला २०२०च्या एकत्रित नियमावलीत वाव आहे, जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवण्याच्या अटीवर. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण जोते उंच करायला भराव लागतो, आणि भरावाने व्यापलेली जागा पाण्याची असते. ते पाणी शेजारच्या, भराव न परवडणाऱ्या घरात जाते. एका घराचे पूरसंरक्षण दुसऱ्या घराचा पूर होतो. शिवाय घर कोरडे राहिले तरी रस्ता, वीज आणि दवाखाना पाण्यातच असतो.

याच संदर्भात ‘अतिक्रमण’ हा शब्द वाचून पाहावा. तो नेहमी झोपड्यांसाठी येतो. काठाला समांतर भराव घालून केलेला रस्ता, मंगल कार्यालय, पार्किंग, सुशोभीकरण यांना तो लागत नाही. त्यांना ‘विकास’ किंवा ‘सुधार’ असे शब्द आहेत. पाण्याला मात्र दोन्ही सारखेच अडवतात. २०१९च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पूररेषेतल्या बांधकामांकडे आणि नदीच्या आक्रसलेल्या वाटेकडे बोट दाखवले. पण जाहीर चर्चा रंगली ती आलमट्टीवरच. दोष शेजारच्या राज्यात सापडला की आपल्या काठाकडे पाहावे लागत नाही.

६. भिंत

आता मी स्वतःच्या एका जुन्या लेखनाकडे येतो, कारण ते टाळून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका स्थानिक साप्ताहिकात मी पंढरपूरच्या काठाविषयी लिहिले होते. चंद्रभागेला सलग, उंच, दगडी घाट असावेत, म्हणजे शहर पुरापासून सुरक्षित होईल आणि वारकऱ्यांची सोयही होईल, असे त्यात म्हटले होते. लेखाचे कौतुक झाले. मलाही तो आवडला होता. नदीच्या बाजूने एकही वाक्य त्यात नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

१४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा सोलापूर जिल्ह्यावरून गेला. दिवसभर पाऊस कोसळत होता. पंढरपुरात कुंभार घाटावर नव्याने बांधल्या जात असलेल्या घाटाची भिंत पडली आणि तिच्याखाली सहा माणसे गेली. पुराचे पाणी त्यांना घेऊन गेले नाही. काठ बांधून काढण्यासाठी उभारलेली भिंत त्यांच्यावर आली. बांधकामात काय चुकले, कोण जबाबदार, हा माझा विषय नाही आणि अधिकारही नाही. माझ्या लेखाने ती भिंत बांधली नाही, हेही मला कळते. पण भिंत म्हणजे सुरक्षितता ही कल्पना ज्यांनी ज्यांनी पसरवली त्यांत मी होतो, एवढे मला मान्य करावे लागते.

भिंतीविषयीचा अनुभव जगभर सारखा आहे. बिहारमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर. पुढे तटबंध ३,४०० किलोमीटरांच्या पलीकडे गेले आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरांच्या वर. सगळा दोष तटबंधांचा नसेल. पण त्यांनी पूर संपवला नाही हे उघड आहे. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४०च्या दशकातच दाखवून दिले होते की पुराचे नुकसान मुख्यतः माणसाच्या वस्तीच्या निर्णयांतून येते. बांध घातला की त्यामागे निर्धास्त वस्ती वाढते, आणि बांध ओलांडून पाणी आले की पूर्वीपेक्षा जास्त हानी होते. समुद्राशी आणि नद्यांशी शतकानुशतके भिंतींनी झुंजलेल्या नेदरलँड्सने या शतकात ‘नदीला जागा’ अशी योजना आखली. नायमेखेन शहरापाशी वाल नदीचा बांध त्यांनी साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि नदीला एक जादा वाट खोदून दिली. त्यासाठी काही घरे हलवावी लागली. त्यावर वाद झाले, वेळ लागला, पैसे लागले.

आपल्याकडे असे होईल का, या प्रश्नावर मित्र हसतात. पंढरपुरात काठाला लागून मठ, वाडे, दुकाने. शहर हलणार कसे? त्यांचे बरोबर आहे. शहर हलणार नाही, आणि हलवा असे मी म्हणतही नाही. व्यासनारायणच्या वस्तीला गावाबाहेर पाच-सात किलोमीटरवर खोल्या बांधून दिल्या तर ती महिन्याभरात परत येईल, कारण होडी, फुले, बुक्का, तुळशीमाळ हे तिचे पोट घाटावर आहे. तिला देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर उंच जागा द्यावी लागेल, आणि अशी जागा महाग असते. पूरसंरक्षणाचा पैसा भिंतीवर खर्च करायचा की या जागेवर, हा खरा प्रश्न आहे. भिंतीचे उद्घाटन करता येते, कोनशिला लावता येते. जागेच्या बदल्याची कोनशिला मी अजून पाहिलेली नाही.

७. खुणा

शेवटी वाचक म्हणून माझे मागणे छोटे आहे. प्रत्येक नदीकाठच्या गावात विजेच्या खांबांवर निळी आणि लाल पट्टी रंगवावी. किती साली पाणी कुठवर आले तेही लिहावे. सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर पूररेषेची नोंद असावी. सीनेसारख्या नदीवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे कोणत्या तारखेला काढले, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिसावे. आणि आपण लिहिणाऱ्यांनी ‘नदीने पात्र सोडले’ हे वाक्य जरा जपून वापरावे.

आमच्या सोलापुरातही हे लागू आहे. शहर सीनेच्या पूर्वेकडच्या पठारावर वसले, म्हणून आम्ही स्वतःला नदीकाठचे मानत नाही. पण शहराला आदिला नदी आहे. एकरुखचा तलाव १८७१ साली तिच्यावरच बांधून झाला. आज बहुतेक सोलापूरकर तिला नाला म्हणतात. ज्याला नाला म्हटले त्याला पात्र असते हे विसरायला सोपे जाते, आणि मोठा पाऊस झाला की तिच्या काठची घरे ते आठवून देतात.

दिवाळीनंतर मी पुन्हा आजोळी गेलो. मामेभाऊ त्याच घराला रंग देत होता. दुसरीकडे जागा कुठे आहे, असे त्याने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याच्याकडून उरलेला निळा रंग मागून घेतला. मामींनी हाताने दाखवले, मी भिंतीवर छातीच्या उंचीला आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले : सीना, सप्टेंबर २०२५. भाऊ म्हणाला, “दादा, आता घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक कसं येईल?”

त्याने ती रेघ पुसली तर मी त्याला दोष देणार नाही. पण ती तिथे आहे तोवर, त्या घरात जन्मणाऱ्या पोराला पाणी कुठवर येते हे कुणाला विचारावे लागणार नाही.